अंकुशकृमी आणि भूमीचे सोवळे

प्रातःकाळी अंथरुणावरून उठताच भूमीवर पाऊल टाकण्यापूर्वी तिची क्षमा मागावी, असा आपल्या घराण्यांतून परिपाठ आहे. जी माता आपला भार वाहते तिला आपला पाय लागतो, म्हणून ही क्षमायाचना. तीर्थरूपांनी हा श्लोक आम्हां भावंडांकडून लहानपणीच पाठ करवून घेतला. परंतु पायाच्या स्पर्शाबद्दल क्षमा मागणारे आपण त्याच भूमीचा याहून किती मोठा अपराध करतो आणि त्याचे कोणते फळ पावतो, हा विचार मला फार उशिरा सुचला. आजच्या पाठाचा विषय अंकुशकृमी हा आहे. त्याची ओळख मला पुस्तकातून झाली नाही, घरातच झाली. यास्तव तो प्रसंग प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी धाकटी बहीण तेव्हा दहा वर्षांची होती. उन्हाळ्याची सुट्टी लागली की मृगाचा पहिला पाऊस पडेपर्यंत ती नांदेड जिल्ह्यातील आजोळी राहत असे. तेथे केळीच्या बागेत, पाटाच्या काठाने, मुले दिवसभर अनवाणी खेळत. त्याच बागेच्या कडेला गडीमाणसे आणि मुलेही बहिर्दिशेस जात. त्यात कोणास काही वावगे वाटत नसे. ती परत आली तेव्हा तिच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत बारीक पुटकुळ्या उठून खाज सुटली होती. आईने हळद आणि खोबरेल लावले. आठवड्याभरात खाज गेली आणि आम्ही ती गोष्ट विसरलो.

दसऱ्यापासून तिचा चेहरा निस्तेज दिसू लागला. जिना चढताना तिला धाप लागे. पुस्तक घेऊन बसली की डोळे मिटत. लपून छपून ती खडू आणि भिंतीची माती खाऊ लागली. आम्ही सर्वांनी तिला आळशी ठरविले. तिला रागे भरणाऱ्यांत मी पुढे होतो, हे येथे लिहिताना लाज वाटते. आजीने दृष्ट काढली. एका ठिकाणी बलवर्धक औषधाची बाटली मिळाली, तिने गुण आला नाही. अखेर एका वृद्ध डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारले, "ही अनवाणी कोठे हिंडली होती काय?" त्यांनी रक्ताची आणि शौचाची तपासणी सांगितली.

येथे घरात अडचण उभी राहिली. तीर्थरूप पूजेस असतात. घरातून डबीत मळ घालून न्यावयाचा, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. आठ दिवस असेच गेले. शेवटी आईने कोणास न विचारता डबी नेली. तपासणीत अंकुशकृमीची अंडी सापडली आणि रक्तातील हिमोग्लोबिन सात ग्रॅमच्याही खाली गेलेले आढळले. औषधाने आणि लोहाच्या गोळ्यांनी तीन-चार महिन्यांत ती पूर्ववत हसूखेळू लागली. आमची बहीण आळशी नव्हती. तिचे रक्त चोरीस जात होते आणि आम्ही चोर शोधण्याऐवजी तिलाच बोल लावीत होतो.

असा बोल अन्य घरांत कोणा बालकास लागू नये, म्हणून हा पाठ लिहिला आहे. मी वैद्य नव्हे. अफझलगंजातील मध्यवर्ती ग्रंथालयात बसून जे वाचले आणि त्या डॉक्टरांनी जे समजावून दिले, तेच येथे मांडीत आहे.

कृमीचे स्वरूप

अंकुशकृमी हा सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा, दोऱ्यासारखा बारीक कृमी होय. त्याच्या अंगाचा पुढचा भाग आकड्यासारखा वळलेला असतो, म्हणून हे नाव. इटलीतील मिलान शहराच्या अँजेलो दुबिनी या वैद्याने १८३८ साली एका शेतकरी स्त्रीच्या शवाची चिकित्सा करताना तो प्रथम पाहिला आणि १८४३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मनुष्यास पीडा देणाऱ्या त्याच्या दोन जाती मुख्य आहेत. एक अँकायलोस्टोमा आणि दुसरी नेकॅटर. दोन्ही आपल्या देशात आढळतात.

हा कृमी लहान आतड्याच्या अस्तरास तोंडाने घट्ट धरून राहतो आणि रक्त शोषतो. नेकॅटर जातीचा एक कृमी दिवसास सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त नष्ट करतो. हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु पोटात असे शंभर कृमी असतील तर दिवसास तीन मिलिलिटर आणि महिन्यास सुमारे नव्वद मिलिलिटर रक्त जाते. अँकायलोस्टोमा जातीचा कृमी याच्या पाचपट किंवा अधिक रक्त घेतो. वाढत्या अंगाच्या मुलीचे किंवा गर्भवती स्त्रीचे शरीर ही गळती किती दिवस भरून काढणार? कृमी एकदा आतड्यात स्थिरावला की एक-दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ तेथे जगतो.

त्याचा शरीरात प्रवेश

अंकुशकृमीची मादी दररोज हजारो अंडी घालते. ती मळाबरोबर बाहेर पडतात. मळ शौचकूपात गेला तर कथा तेथेच संपते. तो उघड्या जमिनीवर पडला आणि जमीन ओलसर, उबदार व सावलीची असली, तर एक-दोन दिवसांत अंडी फुटून सूक्ष्म डिंभ बाहेर येतात. पाच ते दहा दिवसांत ते मनुष्याच्या अंगात शिरण्यास समर्थ होतात आणि अनुकूल मातीत तीन-चार आठवडे जिवंत राहतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. मळ पावसाने वाहून गेला, जागा स्वच्छ दिसू लागली, तरी धोका तेथेच असतो. हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हे डिंभ त्वचेतून आत शिरतात, हे प्रथम कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. तो शोध अपघाताने लागला. आपल्या शेजारी सिकंदराबादेत सर रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात हिवतापाचे बीज पाहिले. त्याच सुमारास कैरो नगरात आर्थर लोस हे जर्मन शास्त्रज्ञ अंकुशकृमीवर प्रयोग करीत होते. डिंभ असलेले पाणी प्राण्यांच्या तोंडात घालीत असता एक थेंब त्यांच्या हातावर सांडला. त्या जागी आग होऊन खाज सुटली. काही आठवड्यांनी त्यांना स्वतःच्याच मळात अंकुशकृमीची अंडी आढळली. पुढे एका मुलाचा पाय कापावयाचा होता, त्या पायावर शस्त्रक्रियेपूर्वी तासभर डिंभ ठेवून, नंतर तो तपासून, ते त्वचेत शिरतात याची त्यांनी खात्री करून घेतली.

त्वचेतून शिरलेले डिंभ रक्ताबरोबर हृदयाकडे आणि तेथून फुप्फुसांत जातात. श्वासनलिकेतून वर चढून ते घशात येतात, गिळले जातात आणि आतड्यात पोहोचून मोठे होतात. पायाला खाज सुटल्यापासून मळात अंडी दिसू लागेपर्यंत दीड-दोन महिने लोटतात. यामुळेच मृगातील खाज आणि दसऱ्यातील फिकेपणा यांचा संबंध आमच्या घरात कोणास जोडता आला नाही. अँकायलोस्टोमाचे डिंभ मातकट भाजी किंवा न धुतलेले हात यांच्याद्वारे तोंडावाटेही जाऊ शकतात.

येथे एक शंका निघेल. आपण देवळात वहाणा बाहेर काढून जातो, अनवाणी प्रदक्षिणा घालतो. मग हा आचार टाकावा काय? मुळीच नाही. देवळाच्या कोरड्या फरशीवर हे डिंभ वाढत नाहीत; ऊन आणि कोरडेपणा यांनी ते मरतात. शेणाने सारवलेल्या अंगणासही भिण्याचे कारण नाही, कारण वरील दोन जातींचे मूळ मनुष्याच्या मळात आहे. दोष अनवाणी पायाचा नव्हे, विटाळलेल्या ओल्या मातीचा आहे. मात्र त्या मातीतून चालून आल्यावर पाय धुतले म्हणजे सोवळे झाले, असे समजू नये. डिंभ त्वचेत शिरावयास काही मिनिटे पुरतात. शिरल्यावर स्नानाने ते निघत नाहीत.

आळसाचे कलंक

या रोगाची लक्षणे अशी. प्रथम पायास खाज, पुढे पोटात अस्वस्थता, मग हळूहळू रक्तक्षय. ओठ, नखे आणि पापण्यांची आतली बाजू फिकी पडते. धाप लागते, छाती धडधडते, पायावर सूज येते. माती, खडू, कोळसा खाण्याची इच्छा होते. मुलांची वाढ खुंटते आणि अभ्यासात मन लागत नाही. थोडे कृमी असतील तर काहीच लक्षण दिसत नाही.

या रोग्यांस आळशी म्हणण्याची चूक सर्व जगाने केली आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील गरीब शेतकरी सुस्त म्हणून हिणविले जात. चार्ल्स स्टाइल्स या शास्त्रज्ञाने त्यांच्या सुस्तीचे कारण अंकुशकृमी असल्याचे १९०२ साली सांगितले, तेव्हा वृत्तपत्रांनी 'आळसाचा जंतू सापडला' म्हणून त्याची थट्टा केली. पुढे १९०९ साली रॉकफेलर यांच्या देणगीतून तेथे मोहीम उघडण्यात आली. तपासलेल्या शाळकरी मुलांपैकी सुमारे चाळीस टक्के मुलांच्या पोटी हा कृमी निघाला आणि थट्टा थांबली.

आपल्याकडील स्थिती विचारात घेण्यासारखी आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि पाच वर्षांखालील मुलांपैकी ६७ टक्के रक्तक्षयाने पीडित आहेत. याचे कारण सर्वत्र कृमीच असते असे नाही. अपुरा आहार आणि अन्य रोगही त्यास कारण होतात. परंतु फिकट मूल पाहिले की कृमीची शंका घेणे आणि तपासणी करणे, हे शहाणपणाचे आहे.

चरकांची त्रिसूत्री

कृमींची चिकित्सा चरकसंहितेच्या विमानस्थानात तीन पायऱ्यांनी सांगितली आहे. पहिली अपकर्षण, म्हणजे कृमी बाहेर काढणे. दुसरी प्रकृतिविघात, म्हणजे कृमींना अनुकूल असलेली स्थिती मोडणे. तिसरी निदानपरिवर्जन, म्हणजे ज्या कारणाने कृमी झाले ते कारण टाळणे. आधुनिक शास्त्र या रोगासंबंधी जे सांगते ते या तीन पायऱ्यांवर नीट मांडता येते.

अपकर्षणाच्या कार्यात एका महाराष्ट्रीयाचा वाटा आहे, तो आपणांस ठाऊक असावा. १९११ साली स्थापन झालेल्या भारतीय संशोधन निधी संस्थेच्या वतीने मद्रास इलाख्यात अंकुशकृमीची चौकशी झाली. ती चालविणारे डॉ. कृ. श्री. म्हसकर होत. त्यांचा अहवाल १९२४ साली प्रसिद्ध झाला. फादर केयस या जेझुइट धर्मगुरूंच्या सहकार्याने त्यांनी कृमिघ्न द्रव्यांचे रासायनिक घटक आणि रोग्यांवर येणारा त्यांचा गुण यांचा मेळ तपासून पाहिला. पुढे याच दोघांनी मुंबईच्या हाफकिन संस्थेत सर्पदंशावरील भारतीय वनस्पतींची परीक्षा केली. कीर्तिकर आणि बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथाची दुसरी आवृत्ती सिद्ध करण्यातही दोघांचा हात होता.

त्या काळी या रोगावर थायमॉल आणि चेनोपोडियमचे तेल ही औषधे मुख्य होती. थायमॉल म्हणजे आपल्या फोडणीच्या डब्याशेजारी असणाऱ्या ओव्याचे सत्त्व. मात्र त्याची मात्रा मोठी लागे आणि ती शरीरास बाधकही होई. यावरून कोणी घरी ओवा खाऊन हा रोग बरा होईल असे समजू नये. ती औषधे आता मागे पडली आहेत. आज अल्बेंडाझोल हे सुलभ औषध उपलब्ध आहे. ते कृमीस शर्करा शोषू देत नाही, त्यामुळे कृमी उपासमारीने मरतो. २०१५ पासून शासन राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळते. फेब्रुवारी आणि ऑगस्ट महिन्यांत १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना शाळांतून व अंगणवाड्यांतून ही गोळी मोफत दिली जाते. एक ते दोन वर्षांच्या बालकास अर्धी गोळी कुटून, त्यापुढील वयास चारशे मिलिग्रॅमची पूर्ण गोळी चावून खावयास देतात. गर्भवती स्त्रियांनी ती डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये. पहिल्या तीन महिन्यांत ती देत नाहीत. आमच्या घरची चूक सांगतो. गोळी बाधते अशी अफवा ऐकून त्या ऑगस्टमध्ये आम्ही बहिणीस गोळीच्या दिवशी घरी ठेवले होते. आजोळाहून परतल्यानंतर दोनच महिन्यांनी मिळणारे औषध आम्ही स्वतःच्या हाताने नाकारले. एका गोळीने प्रत्येकाच्या पोटातील सर्व कृमी जातातच असे नाही. त्यामुळे ज्यांना रोग आढळला त्यांनी उपचारानंतर पुन्हा तपासणी करून घ्यावी.

प्रकृतिविघातात चरकांनी कडू, तिखट, तुरट द्रव्ये सांगितली आहेत. आपण त्याचा अर्थ थोडा वाढवून असे म्हणू की, कृमीने पोखरलेले शरीर सबळ करावे. गेलेले रक्त भरून येण्यास डॉक्टरांनी सांगितलेल्या लोहाच्या गोळ्या पुरते दिवस घ्याव्या. चेहरा तजेलदार दिसताच त्या सोडू नयेत. मेथी, राजगिरा, कडधान्ये हा आहार ठेवावा, लोखंडी कढई वापरावी, ताटात लिंबू किंवा आवळा असावा. त्याने लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा पिण्याची आपल्या नगरातील सवय मात्र त्याच्या आड येते.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. कृमी काढले आणि भूमी तशीच विटाळलेली राहिली, तर पुढच्या पावसाळ्यात तेच मूल पुन्हा रोगी होते. औषध वाटून थांबणाऱ्या मोहिमांना हा अनुभव सर्वत्र आला. याचा उपाय एकच. मळ मातीवर पडू न देणे. मार्गात, गोठ्यात, नांगरलेल्या शेतात आणि पाण्यात मलमूत्र टाकू नये, असे मनुस्मृतीतही आहे. आपण सोवळ्याचे अन्य नियम काटेकोरपणे पाळले आणि हा नेमका विसरलो.

महाराष्ट्रात हा धर्म कृतीने शिकविणारे दोन पुरुष होऊन गेले. संत गाडगेबाबा (१८७६ ते १९५६) गावात शिरताच प्रथम हाती खराटा घेत आणि रात्री कीर्तन करीत. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पा पटवर्धन (१८९४ ते १९७१) जन्माने ब्राह्मण असून स्वतः भंगीकाम करीत. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मळाचे निरुपद्रवी खत करणाऱ्या सोप्या संडासाचा प्रसार केला. आज दोन खड्ड्यांचा शौचकूप त्याच मार्गाने जातो. एक खड्डा भरला की तो झाकून दुसरा वापरावयाचा. झाकलेला खड्डा किमान एक वर्ष तसाच ठेवला की मळाचे निर्धोक खत होते. ताजे सोनखत शेतात घालणे म्हणजे कृमीची पेरणी करणे होय.

आपले कर्तव्य

अफझलगंजाच्या वस्तीत राहणाऱ्यांना वाटेल, आमच्या गल्ल्यांत माती कोठे आहे? हे खरे आहे आणि त्यामागे इतिहास आहे. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसी नदीच्या महापुराने या भागात हाहाकार उडविला. त्यानंतर विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले आणि पूरनिवारणाबरोबरच नगराच्या भूमिगत गटारांची योजनाही आखली गेली. ही सोय आपल्याला लाभली, म्हणून हा रोग आपल्या दारात सहसा उपजत नाही. परंतु आपली मुळे गावाकडे आहेत. आजोळ, शेती, कुलदैवताची यात्रा, पंढरीची वारी यांनिमित्त आपण त्या मातीत जातो. वर सांगितलेल्या पाहणीत देशातील १९ टक्के कुटुंबे अद्याप उघड्यावर शौचास जात असल्याचे आढळले. अलीकडे वारीच्या मार्गावर फिरती शौचालये ठेवली जातात. ती वापरणे हाही वारीचा नियम समजावा.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने पुढील गोष्टी कराव्या.

१. गावी जाताना मुलांना वहाणा द्याव्या आणि ओल्या मातीत, विशेषतः बागेत व झाडांच्या सावलीत, अनवाणी फिरू देऊ नये.

२. आजोळच्या किंवा शेतावरच्या घरी शौचकूप नसल्यास दागिन्यापूर्वी तो बांधावा आणि गडीमाणसांसही वापरू द्यावा. ज्याच्या पोटी कृमी आहेत त्याला दूर ठेवून रोग जात नाही.

३. आपल्या घराचे बांधकाम चालू असेल तर मजुरांच्या बायकामुलांसाठी शौचकूपाची सोय प्रथम करावी. उत्सवात दुरून येणाऱ्या भक्तांसाठीही ती असावी.

४. शाळेतील गोळीच्या दिवशी मुलास घरी ठेवू नये.

५. मूल फिके, थकलेले, माती खाणारे दिसल्यास रागावू नये. तपासणी करावी. मळाची डबी नेण्यात विटाळ नाही.

आता आमच्या घरची शेवटची गोष्ट. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तीर्थरूप स्वतः आजोळी गेले. मामांशी बोलून त्यांनी बागेच्या कडेला दोन खड्ड्यांचा शौचकूप बांधविला. खड्ड्यासाठी पहिली कुदळ मारण्यापूर्वी त्यांनी वाकून भूमीस नमस्कार केला. ते काही बोलले नाहीत. परंतु रोज सकाळी जी क्षमा आपण शब्दांनी मागतो, ती त्या दिवशी त्यांनी हातांनी मागितली, असे मला वाटले. स्नानाने देहाचे सोवळे होते. भूमीचे सोवळे असे राखावे लागते. बहीण आता महाविद्यालयात जाते. मी उशिरा उठलो की मलाच आळशी म्हणते.

घरातील मुलांना विचारावयाचे प्रश्न

१. अंकुशकृमीचे डिंभ कोणत्या प्रकारच्या जमिनीत जगतात आणि कशाने मरतात?

२. पायाची खाज गेली तरी रोग गेला असे का म्हणता येत नाही?

३. चरकांच्या तीन पायऱ्या कोणत्या? तिसरी सोडल्यास काय होते?

४. आपल्या गावच्या घरी शौचकूप आहे काय, आणि तो सर्वजण वापरतात काय?